पहिल्या ओळीतले मामा

लग्नाच्या दारातून माझ्या प्रोग्रॅमने चुकून परत पाठवलेला माणूस एकच. आलेल्या सगळ्या पाहुण्यांच्या मानाने ही त्रुटी इतकी लहान आहे की प्रयोगवही तपासणाऱ्या सरांनी ती बघूनही सोडून दिली असती. फक्त तो एक माणूस नवरीचा मामा होता.

नवरी म्हणजे माझी थोरली बहीण, ऋतिकाताई. नवऱ्याकडचे खालापूरच्या बाजूचे आणि आम्ही पोशीरचे, म्हणून मध्यावर कुंभिवलीचा, हायवेला लागून असलेला हॉल ठरला. मध्यावर म्हणजे त्यांना जवळ आणि आम्हांला लांब. एकाच आवारात दोन हॉल आहेत आणि मध्ये एक कारंजं आहे, ज्यातून पाणी येताना कुणी पाहिलेलं नाही. गेल्या उन्हाळ्यात याच आवारात आमच्या शेजारच्या पोपटकाकांच्या मुलाचं लग्न झालं. पोपटकाका हे बाबांचे चुलतभाऊ. त्या दिवशी पलीकडच्या हॉलातले पाहुणे अलीकडे येऊन जेवले. हायवेवरून चाललेल्या एका सहलीच्या बसमधली मंडळीही जेवली आणि जिलेबी चांगली झालीय असं काकांना आवर्जून सांगून गेली. शेवटच्या पंगतीला काकांच्या व्याह्यांना वरणच उरलं नाही. त्यांनी समोरच्या टपरीवर वडापाव खाल्ला. तेव्हापासून ते पोशीरला कुठल्याही कार्याला आले की दारातच सांगतात, "आमी खाऊन आलोय."

"हे आपल्याकडं झालं तर मी गावात तोंड दाखवणार नाही," बाबा म्हणाले.

"मी करते काहीतरी," मी म्हणाले.

इथे थांबले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण मी भौतिकशास्त्राची पदवी घेऊन घरी बसले होते, आणि नोकरी लागेपर्यंत पीएचपी ही वेबसाइट बनवायची भाषा शिकत होते. आमच्या घरी या शिकण्याला 'मोबाईल बघणं' म्हणतात. म्हणून मी बाबांना सविस्तर समजावलं. पाहुण्याने दारात टॅबलेटवर स्वतःचा मोबाईल नंबर टाकायचा. नंबर यादीत असला की हिरव्या पडद्यावर 'स्वागत' आणि पंगतीचा क्रमांक येणार. नसला की लाल पडद्यावर 'आपले नाव यादीत नाही'.

"लाल कशाला? लग्नात?" आई म्हणाली.

"धोक्याचा रंग लाल असतो, आई."

"कुंकवाचा पण असतो."

मी लाल रंग ठेवला. आज वाटतं, निदान तेवढं तरी ऐकायला हवं होतं.

आता यादीबद्दल थोडं, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. पीएचपीत अशा यादीला ॲरे म्हणतात. ॲरे म्हणजे पंगत. एकामागून एक पानं मांडलेली, आणि प्रत्येक पानाला क्रमांक. या पंगतीत एखादा माणूस बसला आहे का, हे विचारायचे दोन मार्ग आहेत. एक फंक्शन नुसतं 'आहे' किंवा 'नाही' एवढंच सांगतं. दुसरं कितव्या पानावर आहे तेही सांगतं, आणि माणूस नसेल तर 'नाही' म्हणतं. शहाण्या मुलीने पहिलं घेतलं असतं. मला पंगतीचा क्रमांक काढायचा होता म्हणून मी दुसरं घेतलं. माझी चूक आळशीपणाची नव्हती, हौसेची होती, एवढं नोंदवून ठेवते.

मी यादी करते आहे हे कळताच गाव सल्ले द्यायला आलं. पोपटकाका रोज संध्याकाळी ओट्यावर बसून विचारायचे, "हे समदं करन्यापरीस दारात दोन पैलवान हुबे केले तर?" समोरच्या वनिताकाकूंना मशीन एकदम पसंत पडलं. त्या अंगणवाडीतून निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणाला ओळीत बसवायला मिळालेलं नव्हतं.

"दारावर मी बसते गं, नमे. बघते कोन घुसतो ते."

"काकू, पण ओळखीवर कुणाला सोडायचं नाही. मशीन म्हणेल तेच. उद्या मी जरी समोर आले तरी नाही."

"तू आलीस तरी नाय," काकूंनी घोकल्यासारखं म्हटलं.

मला तेव्हा फार अभिमान वाटला होता.

यादी बाबांनी सांगितली आणि मी टाइप केली. बाबांनी खाकरून, चष्मा पुसून, पहिलं नाव सांगितलं. "गावदेवी."

"बाबा, ही जेवणाऱ्यांची यादी आहे."

"पहिलं आवतण देवीला असतं. दुसरं मामाला. मग भावकी. याच्या आधी एक अक्षर जरी लिहिलंस तर तुझी आई लग्नाला येणार नाही."

"देवीचा नंबर काय टाकू?"

बाबांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिचा अर्थ मी 'योग्य वाटेल ते टाक' असा लावला. नंबराच्या जागी मी 'गावदेवी' असंच लिहिलं. दुसरी ओळ कोंडाण्याच्या सखामामांची. आईचे थोरले भाऊ. तिसरी ओळ पोपटकाकांची. हा क्रम फार जपायचा, कारण पूर्वी एका पत्रिकेत मामांचं नाव पोपटकाकांच्या खाली छापलं गेलं होतं, आणि मामा त्या लग्नाला येऊन, मांडवाच्या बाहेर खुर्ची टाकून, पाठमोरे बसून परत गेले होते. मुहूर्ताला नवरीला बोहल्यावर आणायचं ते मामांनी. त्या वेळी ती नेसते ती पिवळी साडी मामांकडची. एवढा माणूस पाठमोरा बसून चालणार नव्हता.

चाचण्या मी कसून घेतल्या. मामांचा नंबर टाकला: स्वागत, पंगत पहिली. पोपटकाका: स्वागत. वर्गमैत्रीण, जिला बोलावलं नव्हतं: लाल. काकूंच्या भाच्याचा नंबर, ज्याला बोलावलं होतं पण यायला नको होता: स्वागत. त्याला मशीनचा इलाज नव्हता. सगळं अचूक चालत होतं, आणि ते का चालत होतं याची मला अजिबात कल्पना नव्हती.

मग मला वाटलं, पाहुण्यांना आधी संदेश जायला हवा की दारात नंबर टाकायचा आहे. एकगठ्ठा संदेश पाठवायला नोंदणी लागते. नोंदणीच्या फॉर्मवर 'संस्थेचा प्रकार' विचारला होता: कंपनी, भागीदारी, विश्वस्त संस्था, शासकीय कार्यालय. 'वधूपिता' हा पर्याय नव्हता. मी बाबांना भागीदारी संस्था केलं. त्यावर दुसऱ्या भागीदाराची सही मागवण्यात आली. आईने सही केली. मग कळलं की मजकूरही मंजूर करून घ्यावा लागतो. 'अगत्य येण्याचे करावे' हे वाक्य जाहिरात वाटते म्हणून मजकूर नामंजूर झाला. मी 'येण्याचे करावे' एवढंच ठेवलं. तेव्हा संदेशाचा हेतू स्पष्ट होत नाही असं कळवण्यात आलं. बाबा म्हणाले, "साखरपुडासुद्धा याच्यापेक्षा लवकर ठरला होता."

शेवटी मी कर्जतला अब्रारभाईंच्या दुकानात गेले. आमच्या पत्रिका त्यांनीच छापल्या होत्या. गिऱ्हाइकांना संदेश पाठवायला त्यांच्याकडे रीतसर नोंदणी केलेलं खातं होतं. त्यांनी माझी फाईल चढवली आणि ती क्षणात परत आली.

"ताई, सगळाच गठ्ठा रिटर्न आला. पहिलाच नंबर चुकीचा आहे म्हणतो."

"तो नंबर नाही. देवी आहे."

अब्रारभाईंनी पडद्यावरची पहिली ओळ वाचली. "मी पण पत्रिकेत पहिलं नाव देवाचंच छापतो, ताई. पण पत्रिका पोस्टात टाकताना त्याचा पत्ता नाही लिहीत."

दुकानात गर्दी होती. लग्न परवावर आलं होतं. मी फाईलमधली पहिली ओळ निवडली आणि पुसून टाकली. पाहुणी नसलेली, नंबर नसलेली, जेवायला न येणारी नोंद. विदा, म्हणजे डेटा, स्वच्छ करणं, असं याला आमच्या अभ्यासात म्हणतात. संदेश भराभर गेले. तीच स्वच्छ फाईल मी वेबसाइटवरही चढवली.

पदवीच्या पहिल्याच प्रात्यक्षिकात शिकवलं होतं की उपकरणाला धक्का लागला की आधी त्याचा शून्य तपासायचा. मी तपासला नाही. फक्त एक ओळ तर काढली होती.

लग्नाच्या दिवशी घरची माणसं सकाळीच हॉलवर पोहोचली. मुहूर्त गोरजाचा होता. दुपारनंतर वनिताकाकू टॅबलेट घेऊन दारात बसल्या, आणि हिरवे पडदे झळकू लागले. पोपटकाकांनी नंबर टाकला, 'स्वागत' वाचलं आणि आत येऊन सगळ्यांना सांगितलं की ही कल्पना मुळात त्यांची होती. पलीकडच्या हॉलात दुपारचं लग्न होतं, तिकडच्या पंगती अजून चालूच होत्या. तिकडून वाट चुकून आलेले चारदोन फेटेवाले काकूंनी परत पाठवले. मी ताईच्या खोलीत तिच्या केसांतल्या पिना धरून उभी होते. त्या अर्ध्या तासात मी जितकी सुखी होते तितकी त्यानंतर झालेली नाही.

मग आई दारात आली. "दादा आला का गं? साडी त्याच्याकडं हाय. गौरीहराला बसायची वेळ झाली."

"येतीलच," मी म्हणाले.

"मघाशीच फोन आलेला, हायवेला लागलोय म्हनून. आता उचलत नाय."

माझा प्रोग्रॅम परत पाठवलेल्या नंबरांची नोंद ठेवतो. ती सोय मी मोठ्या कौतुकाने केली होती. मोबाईलवर नोंद उघडली. मामांचा नंबर त्यात लागोपाठ तीनदा होता.

मी तिथेच पिनांच्या डब्यावर बसले आणि स्वतः लिहिलेली ओळ पुन्हा वाचली. पीएचपीची पंगत एकपासून सुरू होत नाही, शून्यापासून सुरू होते. हे मला पाठ होतं. म्हणजे पहिल्या पानावरचा माणूस सापडला की उत्तर येणार 'शून्य'. आणि मी लिहिलं होतं, उत्तर काही असेल तर आत घे. शून्याला ती भाषा 'काही' धरत नाही, 'नाही'च धरते. शून्य आणि 'नाही' वेगळे ओळखायचे तर तीन बरोबरची चिन्हं टाकून नेमकं विचारावं लागतं. मी विचारलं नव्हतं. इतके दिवस पहिल्या पानावर देवी बसली होती, आणि देवी काही दारात नंबर टाकायला येणार नव्हती. मी तिला उठवलं आणि मामा तिच्या पानावर सरकले.

मी दाराकडे धावले.

"काकू, मामा आले होते?"

"आले हुते ना. टेंपो घेऊन, समदं कोंडानं संगं. नंबर टाकला, लाल. बायजावैनींनी, तुज्या मामीनं, त्योच टाकला, लाल. मग मी चष्मा लावून टाकला. लालच."

"पण तुम्ही ओळखता ना त्यांना!"

"वळखते म्हंजे? त्यांच्या लग्नात वाढलंय मी. पन तूच म्हनलीस, वळखीवर सोडायचं नाय."

"मामा काय म्हणाले?"

"काय नाय. 'बरं' म्हनले."

आईला हे ऐकू आलं होतं. ती रडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "दादा 'बरं' म्हनला?" आणि भिंतीला टेकून खाली बसली. आमच्या मामांच्या संतापाच्या पायऱ्या आहेत. आरडाओरडा ही सर्वांत खालची. 'बरं' ही शेवटची.

मी स्कुटी काढली. खालापूरच्या फाट्यापर्यंत गेले, तिथून कर्जतच्या रस्त्याला लागले. प्रत्येक टेंपोच्या मागे जाऊन आत डोकावले. एकात कोंबड्या होत्या. एकात दुसऱ्याच कुणाच्या लग्नाची मंडळी होती आणि त्यांनी मला चढायला हात दिला. वाटेतल्या पेट्रोलपंपावर एकाने विचारलं, "काय हरवलंय ताई?" मी म्हणाले, "मामा." त्याने वय विचारलं, कपडे विचारले, पोलिसात कळवलं का विचारलं. सूर्य खाली चालला होता. ताई बिनसाडीची, बिनमामाची, खोलीत पाटावर बसून असेल. नवऱ्याकडचे घड्याळं बघत असतील. पोपटकाका कुणाला तरी सांगत असतील की ही कल्पना त्यांची नव्हती. एका मुलीचं लग्न अडायला काय काय लागत असेल, याचा मी पूर्वी कधी विचार केला नव्हता. तीन चिन्हं कमी पडली, तेवढी पुरली.

हात हलवत परत आले आणि आवारात शिरताना सवयीने उजवीकडे पाहिलं. पलीकडच्या हॉलाच्या मागे, मंडपवाल्याच्या गाडीशेजारी, निळा टेंपो उभा होता. त्यात मामींची पत्र्याची पेटी होती.

पलीकडच्या हॉलाच्या दारात मशीन नव्हतं. फेटा बांधलेले एक गृहस्थ हात जोडून उभे होते. "या या, ताई, उशीर केलात! बसा पंगतीला," म्हणून त्यांनी माझ्या हातावर अत्तर लावलं.

आत सगळं कोंडाणं जेवत होतं. मधोमध सखामामा, नवा फेटा, पानात जिलेबी. शेजारी बायजामामी. दोघांच्या मधल्या खुर्चीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत पिवळी साडी, तिलाही जागा दिलेली.

"मामा," मी म्हणाले.

"बस," मामा म्हणाले. "हितं कोनी नंबर इचारत नाय. 'या मामा' म्हनले आनि बसवलं. कुनाचे मामा, ते पन इचारलं नाय."

वाढप्याने माझ्यापुढे पान मांडलं. "मुलाकडच्या का मुलीकडच्या?"

"पलीकडच्या," मी म्हणाले. तो मान डोलावून वरण वाढून गेला.

मी मामांना सगळं सांगितलं. मला खरं सांगायची वाईट खोड आहे. "मामा, तुमचं नाव होतं. सगळ्यांत पहिलं होतं. पहिलं होतं म्हणूनच घोळ झाला. मशीन पहिल्याला शून्य म्हणतं."

"मला शून्य म्हनलं?"

"तुम्हांला नाही, जागेला."

"पोपटला घेतलं आत?"

"हो."

"तो कितवा हुता?"

"दुसरा. म्हणजे मशीनच्या मोजणीने पहिला."

मामींनी कपाळावर हात मारला. मामांनी जिलेबीचा तुकडा खाली ठेवला. हे शेवटचं वाक्य टाळता आलं असतं, हे मलाही कळलं, पण त्याआधी ते बोलून झालं होतं.

"अगं, पन," मामी म्हणाल्या, "तुज्या बापानं पयलं नाव देवीचं घातलं असंल ना? तुमच्यात घालतात."

"घातलं होतं. मी काढलं."

"का?"

"तिला मोबाईल नव्हता."

मामांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "म्हंजे देवीला उठवलीस. आनि तिच्या पानावर मला बसवलंस?"

"हो, मामा."

"मग मशीन बरूबर बोललं की." ते खुर्चीत मागे टेकले. "त्या पानावर मानूस बसला तर त्याला दारात कोन वळखनार? ती जागा माजी नाय, बाय. मी दुसरा. माज्या बापापासून आमी दुसरे." त्यांनी मामींकडे बघितलं, आणि मामींनी मान हलवली, जशी कुणी मोठं गणित सुटल्यावर हलवतं. "देवीला बसव आधी. मग मी येतो. पन मागच्या दारानं येनार नाय. त्याच मशीनमधनं येनार. हिरवं दिसलं पायजे, आनि वनिता बगत असली पायजे."

मी मोबाईल काढला. शेजारी वरण, पलीकडे अनोळखी लोकांची आग्रहाची जिलेबी, आणि नेटवर्क एका दांडीवर. आधी तीन बरोबरची चिन्हं टाकली. मग फाईलच्या अगदी वर 'गावदेवी' लिहिलं. दोन उपाय एकदम केले की कोणत्या उपायाने गुण आला ते कळत नाही, हे मला माहीत आहे. त्या संध्याकाळी मला कळून घ्यायचं नव्हतं.

आम्ही बंद कारंज्याला वळसा घालून निघालो. पुढे मामा, मागे मामी साडी छातीशी धरून, मागे सगळं कोंडाणं, तोंडात विडे. आमच्या दारात बाबा हात जोडून उभे होते, आणि त्यांच्या मागे भिंतीला धरून आई. मामांनी एकेक आकडा सावकाश दाबला. पडदा जरा वेळ पांढराच राहिला. मी देवीचं नाव घेतलं, मनात, आणि नंबराशिवाय.

हिरवा. 'स्वागत. पंगत पहिली.'

"बगा!" वनिताकाकू म्हणाल्या. "मी म्हनतच हुते, मशीन चुकत नाय."

मामा आत गेले. आईने त्यांचा हात धरला, मामी साडी घेऊन ताईच्या खोलीकडे पळाल्या, आतून वाजंत्री सुरू झाली. कोंडाण्याची माणसं एकेक हिरवा पडदा घेत आत सरकली. शेवटी मी पाऊल टाकलं, आणि काकूंचा हात आडवा आला.

"नंबर टाक."

"काकू, मी!"

"तू आलीस तरी नाय. तूच म्हनलीस."

मी नंबर टाकला. माझं नाव यादीत नव्हतं. घरची माणसं पाहुणे नसतात, तो वेगळा संच आहे, हे मीच ठरवलं होतं. लाल पडदा आला. प्रोग्रॅम आता अगदी बिनचूक चालत होता.

बोहल्याच्या वाटेवरून मामा मागे वळले. फेटा सावरत दारापर्यंत परत आले आणि काकूंना म्हणाले, "सोडा वनिताबाई. ती माज्यासंगं हाय."

काकूंनी टॅबलेटकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं, आणि हात काढला. सख्ख्या बहिणीच्या लग्नात मी अशी मामांच्या ओळखीवर शिरले. आत जाता जाता मामांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"लग्न लागलं की जेवून घे गं," ते म्हणाले. "आमी खाऊन आलोय."